एक युनिट

परळी वैजनाथ
१४ जून २०२५

आरोही,

या पत्राला उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. पण एका प्रश्नाचं उत्तर मला हवं आहे, आणि फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. अक्षर हॉस्टेलच्या सिस्टर फिलोमिनांनी वळण लावलेलं आहे, वाचायला त्रास होणार नाही. डब्लिनला पत्र पोचायला किती दिवस लागतात ते पोस्टातल्या माणसालाही नीट सांगता आलं नाही.

प्रश्न असा. बाबांचे पैसे पतसंस्थेतून काढून तू माझ्या नावावर दोन ईटीएफ घेऊन दिलेस. एक आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांचा, दुसरा अमेरिकेतल्या कंपन्यांचा. तेव्हा तू म्हणालीस, "आई, शेअरसारखं बाजारात विकता-घेता येतं, पण हे एका कंपनीचं नाही, सगळ्यांचं थोडं थोडं." मी मान हलवली. तुझ्या बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्या दिवसांत मी कशालाही मान हलवत होते.

आता विचारते. त्या परदेशी फंडातले पैसे नक्की कुठे जातात?

विजयसिंह परवा सिरसाळ्याहून आला होता. तुझ्या चुलतभावाचं नाव वाचून तू कपाळाला आठ्या घालशील, पण या दीड वर्षात माझ्या दारात तोच येतो. गोळ्या आणून देतो, फोन बिघडला तर नीट करून देतो. मी त्याला मोबाइलवर ते दोन्ही फंड दाखवले. म्हणाला, "काकू, आमच्या आडतीवर माल आला तर पोतं डोळ्याला दिसतं. हितं काय दिसतंय? पैसा समुद्रापलीकडं. आन समुद्रापलीकडं आपलं कोण हाय? आरोहीच ना?"

मी म्हणाले, असं नसतं रे.

"तुमी लई साध्या हायत," म्हणाला.

मी साधी नाही, हे तुला माहीत आहे. पण तो गेल्यावर मी चादरी काढायला गच्चीवर गेले, नेहमीसारखी वीजकेंद्राची राख झटकली, आणि झटकता झटकता तेच डोक्यात येत राहिलं. तू हे सगळं इतक्या घाईत का केलंस? दुसरा फंड परदेशीच का घेतलास? जिथे तू आहेस, तिकडचाच?

अमेरिका आणि आयर्लंड वेगळे देश आहेत हे मला कळतं. तरी विचारते आहे.

महिनाअखेरीपर्यंत वाट पाहते. उत्तर आलं नाही तर दोन्ही विकून पैसे दुसरीकडे ठेवीन. कुठे, ते आत्ता लिहीत नाही.

तुझी खोली आहे तशीच आहे. खिडकीची जाळी तेवढी बदलली.

आई


९ जुलै

आरोही,

महिना संपला. तुझं उत्तर नाही, आणि मी विकलंही नाही. तुझ्यावर विश्वास ठेवून थांबले असं समजू नकोस. जे विकायचं ते आधी समजून घ्यावं, एवढ्यासाठी थांबले.

फंडाचं इंग्रजी माहितीपत्रक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. कंटाळा आला, पण बारीक अक्षरातलं आधी वाचायचं ही आमची शिकवण. वाचता वाचता हॉस्टेलचा डबा आठवला.

तुला मी कधी सांगितलं होतं का? कुणाच्या घरून चिवडा यायचा, कुणाच्या लाडू, एका मुलीच्या घरून नुसते शेंगदाणे. सिस्टर फिलोमिना सगळं एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात भरायच्या आणि प्रत्येकीला पुठ्ठ्याचे छोटे तुकडे द्यायच्या. एक तुकडा म्हणजे डब्यातला एक हिस्सा. एखादीचे लाडू खवट निघाले तरी कुणाचा रविवार बुडायचा नाही. गंमत म्हणजे ते तुकडे आम्ही आपसात विकायचो. एका तुकड्याला एक रिबीन. डबा कपाटातच असायचा, फक्त तुकडे या हातातून त्या हातात फिरायचे. आणि डबा भरला म्हणून सिस्टरांनी नवे तुकडे देणं थांबवलं, की त्याच तुकड्याला दोन दोन रिबिनी पडायच्या. आत चिवडा तेवढाच असायचा.

तुझा ईटीएफ म्हणजे तोच डबा. मी ज्याला युनिट युनिट म्हणते, तो पुठ्ठ्याचा तुकडा. हे चार वर्षांपूर्वी तू असं सांगितलं असतंस तर मी लगेच समजले असते.

पण मग परदेशी फंडाबद्दल माझी शंका वाढली. आत जेवढ्याचा माल आहे, त्याहून बाजारातला भाव जास्त दिसतो. मी दोन दिवस आकडे ताडून पाहिले. परदेशात पैसे न्यायला वरून मर्यादा आहे, म्हणून नवी युनिटं निघत नाहीत आणि आहेत त्यांच्यासाठी ओढाताण होते, असं दिसतं. म्हणजे दोन रिबिनींचाच प्रकार. यात तुझा हात नाही एवढं मला कळलं. पैसे तुझ्याकडे जात नाहीत हेही कळलं. मागच्या पत्रातला प्रश्न मागे घेते.

दुसरा मात्र मागे घेत नाही. घाई का केलीस? तुला पतसंस्थेचं काही आतून कळलं होतं का? सिरसाळ्यात अजून सगळे तेच म्हणतात.

तुझी मोठी आई, विजयसिंहाची आई, आता बाहेर पडत नाही. लग्नातले तिचे सोन्याचे डाग मोडून मोठ्या भाऊजींनी त्या संस्थेत ठेवले होते. संस्थेला कुलूप लागलं तेव्हापासून ती नुसती बसून असते. यंदा संक्रांतीला मला तिळगुळाचं बोलावणं नव्हतं. मागच्या वर्षीही नव्हतं.

आता तुला सांगायला हरकत नाही. विजयसिंह स्वतःची पतसंस्था काढतो आहे. आडत दुकानाच्या वर जागा घेतली, पाटी रंगवून झाली. पहिली ठेव माझी असावी अशी त्याची इच्छा आहे. तुझ्या बाबांचा फोटो तिथे लावणार म्हणतो. "काकू, तुमची ठेव आली की आमचे वडील बी राग सोडतेल. समदं घर एक हुईल." मला घर एक झालेलं हवं आहे, आरोही. एकटीने सण करून बघ म्हणजे कळेल. नाही, तू तिकडे करतच असशील.

पण त्यातही एक खटकतं आहे. विजयसिंहाला सगळं माहीत असतं. मी गॅस नोंदवला, त्याला माहीत. रक्त तपासायला दिलं, तर दुसऱ्या दिवशी विचारतो, "काकू, साखर वाढली म्हणं?" तुला पत्र टाकलं त्याच्या तिसऱ्या दिवशी, "परदेशी पत्र गेलं वाटतं." मी कुणाला बोलले नव्हते. पोस्टात माझ्यासोबत फक्त छबुबाई होती.

छबुबाई आपल्याकडे पोळ्यांना येऊन दहा वर्षं झाली. तिला विचारताना मला लाज वाटली, तरी विचारलं.

पोळी तव्यावर तशीच सोडून ती माझ्याकडे वळली. "मी कावून सांगू? माझं त्येच्याशी बोलनं तरी हाय का? दोन दिवाळ्या झाल्या, साडी देतो म्हनला. ती साडी अजून येतीयाच." मग पोळी उलटली. करपली होती. "घ्या. ही त्याच्या नावानं ठेवा."

मी हसले, पण शंका गेली नाही. आता मी फणी केसातून फिरवते आहे आणि विचार करते आहे. हॉस्टेलमध्ये ट्रंकेतला खाऊ कमी व्हायला लागला की आम्ही डोक्यातला एक केस काढून कडीत अडकवून ठेवायचो. केस तुटला, म्हणजे कुणीतरी ट्रंक उघडली.

तुला आठवत असेल, संस्था बुडाली त्या दिवाळीत मोठे भाऊजी तुला सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला ठावं व्हतं, आन तू आपलं तेवढं काढून घेतलं. पुन्ना या घरात यायचं न्हाई." तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. मी डोक्यावर पदर घेऊन दाराशी उभी होते. त्या घरात मोठ्या दिराशी बाईमाणसानं थेट बोलायचं नसतं. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्याशी एक वाक्य बोललेली नाही. निरोप द्यायचा तो दुसऱ्याच्या तोंडून. हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

त्याविषयी आज एवढंच.

आई


२२ जुलै

आरोही,

मी काल एक युनिट विकलं. फक्त एक. परदेशी फंडातलं.

त्याचे जे पैसे येतील त्यात किराणा भरणार नाही. पैशासाठी विकलंच नाही. ट्रंकेच्या कडीत केस अडकवला होता.

कुणालाही सांगितलं नाही. छबुबाईला सुट्टी दिली होती, बहिणीकडे युसूफ वडगावला गेली आहे. दार लावून घेतलं, मोबाइलवर विक्रीचं बटण दाबलं, ओटीपी आला, घातला. संध्याकाळी विक्रीचा मेसेजही आला. देवापाशी दिवा लावला.

आज सकाळी चहा घेत होते तर दारात गाडी वाजली. विजयसिंह. हातात पेढ्यांचा पुडा आणि ठेवीचा फॉर्म.

"काकू, सुरुवात केली म्हणायची! लई चांगलं केलं. आता समदं एकदाच काढा, थोडं थोडं काढून काय उपयोग?"

हातातला कप मी बशीत ठेवला. "कशाची सुरुवात?"

तो जरा गडबडला. "न्हाई, म्हणजे, तुमीच म्हणलत्या ना मागं, काढीन म्हणून." मग फॉर्म माझ्यासमोर पसरला. नाव आधीच लिहिलेलं होतं. वारस म्हणून स्वतःचं नाव घातलेलं होतं. मी ते वाचत होते तेवढ्यात फोन वाजला.

टेबलावर, त्याच्या नि माझ्या मध्ये, फोनवर तुझं नाव.

दीड वर्षानंतर, आरोही. तुझ्याकडे तेव्हा पहाट असेल. तो नावाकडे बघत होता, मी नावाकडे बघत होते. वाजून वाजून बंद झाला. मी उचलला नाही.

तो म्हणाला, "उचला की."

मी म्हणाले, नंतर बघू, आणि त्याला फॉर्म ठेवून जा म्हणाले. पेढेही ठेवून गेला.

आता तू मला सांग. मी जगात कुणालाही न सांगता एक युनिट विकलं, आणि रात्र सरायच्या आत दोघांना कळलं. तो दारात आला आणि त्याच वेळी तू फोन केलास. दीड वर्ष नाही, आजच. हा योगायोग मी मानू का? तुम्ही दोघं बोलता का? बाहेर भांडण दाखवायचं आणि आतून म्हातारीच्या पैशांवर दोन्हीकडून नजर ठेवायची, असं आहे का? मला शोभत नाही हे लिहिणं, पण तुम्हाला तरी शोभतं का?

हे पाकीट आताच टाकायला निघते. थांबले तर टाकणार नाही.

आई


२५ जुलै

आरोही,

आधीचं पाकीट उघडलं नसशील तर उघडू नकोस. पोस्टात परत मागायला गेले होते. खिडकीतला माणूस चांगला होता. म्हणाला, "बाई, कालच्या थैलीत गेलं की ओ. आता ते इमानातच."

तुझ्यापर्यंत ते आधी पोचेल आणि हे नंतर. त्यामुळे हे वाचशील की नाही तेही माहीत नाही. तरी सगळं क्रमानं लिहिते.

त्या संध्याकाळी मी फोन हातात घेतला आणि मेसेजच्या खिडकीत जेवढी म्हणून बटणं होती ती एकेक उघडून पाहिली. आपल्याला माहीत नसलेलं बटण दाबायचं नाही, अशी इतके दिवस माझी समजूत होती. एका ठिकाणी 'डिव्हाइस पेअरिंग' लिहिलेलं होतं. उघडलं. आत एका कॉम्प्युटरची नोंद होती. आपल्या घरात कॉम्प्युटर नाही.

मग लक्षात आलं. हिवाळ्यात फोन बिघडला म्हणून विजयसिंह तो दुकानात घेऊन गेला होता आणि दुसऱ्या दिवशी आणून दिला. तेव्हापासून माझा प्रत्येक मेसेज त्याच्या कॉम्प्युटरवरही उमटतो. गॅस, रक्ताचा रिपोर्ट, पोस्टाची पावती, विक्रीचा ओटीपी, सगळं. मी बिचाऱ्या छबुबाईवर संशय घेतला.

पण तुझं काय? तुझ्याकडे माझे मेसेज येत नाहीत. मग तुला कसं कळलं? कालची दुपार यातच गेली. फंडाच्या ॲपमध्ये माझी माहिती उघडली. नाव माझं, पत्ता माझा, बँक माझी. ईमेल तुझा.

माझा ईमेल नव्हताच. खातं उघडताना तू तुझा घातलास. म्हणजे मी काहीही विकलं, घेतलं, की संध्याकाळी त्याचा कागद तुझ्याकडे येतो. इतके दिवस मी काहीच केलं नाही म्हणून तुला काहीच आलं नाही. आणि परवा एक युनिट विकल्याचा कागद आला. तू पाहिलास, रात्र काढलीस आणि उजाडायच्या आत फोन केलास.

एकाच केसाने दोन ट्रंकचोर सापडले, असं मला आधी वाटलं. मग वाटलं, ट्रंक उघडून आत किती उरलंय हे बघून परत लावणारीही एखादी असायची. आमच्या हॉस्टेलमध्ये होती. तिला आम्ही उगाच मार दिला होता.

आता तुला उलट फोन करता येईल. करत नाही. तू उचलला नाहीस तर पुढचं लिहायचं धैर्य राहणार नाही. शिवाय तो कॉम्प्युटर मी अजून तोडलेला नाही. मुद्दाम ठेवला आहे. हे पाकीट मात्र छबुबाईच्या नंबरावर नोंदवते आहे, म्हणजे त्याला कळणार नाही.

काय करणार आहे ते लिहीत नाही. जमलं तर लिहीन.

आई


२ ऑगस्ट

आरोही,

काल सिरसाळ्याला गेले होते. छबुबाईला सोबत घेतलं. तिला सगळं सांगितलं होतं, त्यामुळे रिक्षात सारखी हसत होती. तिच्या फोनवर मी घरूनच एक मेसेज लिहून ठेवला. मजकूर तिचा. मी आत गेले की तिने समोरच्या हॉटेलात बसून तो माझ्या नंबरावर पाठवायचा, एवढंच काम.

आडत दुकानात सगळे होते. विजयसिंह कॉम्प्युटरपाशी, आतल्या गादीवर मोठे भाऊजी, बाकड्यावर तीन-चार माणसं. मी पदर घेतला आणि खुर्चीवर बसले. विजयसिंह उठून उभा राहिला. "काकू, तुमी कावून तरास घेतला? मीच आलो आसतो की घरी."

"ठेवीचं बोलायचं होतं," मी म्हणाले.

तेवढ्यात त्याचा कॉम्प्युटर टिंग वाजला. त्याची पाठ होती. बाकड्यावरच्या एकाने मान लांब करून पडद्यावरचं मोठ्यानं वाचलं. "छबुबाई पोळीवाली. इजयसिंगा, चुलतीला च्या तरी पाज. आन माझी साडी कुटंय?"

बाकडं हसायला लागलं. वाचणारा म्हणाला, "इजू बे, तुला पोळीवालीचे मेसेज येतेत व्हय?"

"त्याला नाही," मी म्हणाले. माझा फोन काढून टेबलावर ठेवला. त्यावरही तेच होतं. "मला आलेला आहे. माझे सगळेच त्याच्याकडे येतात."

विजयसिंहाचा चेहरा उतरला. "काकू, तुमी एकल्या राहता, काळजीपोटी..."

"काळजीपोटी माझा वारस झालास?"

मग तो जे बोलला ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण ते खोटं नव्हतं. म्हणाला, "आन आमची काळजी कुणी केली? आईचं समदं गेलं. तिच्या अंगावर एक मनी न्हाई. तुमचं तेवढं काढून घेतलं, आमाला एका शब्दानं सांगितलं न्हाई. त्या पैशावर आमचा काहीच हक न्हाई का?" त्याचे डोळे भरले होते. तो लहान असताना मी त्याला मांडीवर घेऊन एबीसीडी शिकवलेली आहे. तेव्हाही चुकलं की असेच भरायचे.

गादीवरून मोठे भाऊजी बोलले. माझ्याशी नाही, त्याच्याशी. "इजू, तुझ्या चुलतीला इचार. पोरीला ठावं व्हतं तर तवा गप का बसली?"

मी रीतीप्रमाणे म्हणाले, "विजयसिंह, मोठ्या भाऊजींना सांग..."

आणि थांबले. इतक्या वर्षांत दर वेळी माझं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून जाताना अर्धं होऊन गेलं होतं. मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"भाऊजी," मी म्हणाले, "तिनं सांगितलं होतं."

त्यांनी मान वर केली. माझा आवाज त्यांनी स्वतःला उद्देशून कधी ऐकलाच नव्हता.

"आमचे हे गेले त्यानंतरच्या पाडव्याला. तुमच्या ओसरीवर. तिनं तुम्हाला विचारलं, मोठे बाबा, एवढं व्याज संस्थेला परवडतं कसं? तुमचेही काढून घ्या. तुम्ही हसलात. म्हणालात, परदेशात शिकून आली, आता आमाला शिकवती. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. कप पाच होते, तुमच्या कपात साखर नव्हती. तिला आतून काही कळलेलं नव्हतं. तिनं फक्त विचार केला होता, आणि तो तुम्हाला सांगितला होता. तुम्ही तिला घराबाहेर काढलंत तेव्हाही मला हे ठाऊक होतं."

घाई का केलीस हे मी तुला विचारत राहिले, आणि उत्तर इतके दिवस माझ्यापाशीच होतं. मोठ्या भाऊजींनी गादीवरची सुतळी बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, "साखर नव्हती, खरंय." एवढंच. बाकीचं खरं की खोटं ते म्हणाले नाहीत. पण ते माझ्याशी बोलले, विजूशी नाही.

मी विजयसिंहाला तिथेच त्याच्या कॉम्प्युटरवरून माझा फोन तोडायला लावला. दोनदा तपासलं. ठेव देणार नाही म्हणून सांगितलं, फॉर्म परत दिला. आत जाऊन तुझ्या मोठ्या आईला भेटले. ती म्हणाली, "बाहेर कोन बोलत व्हतं गं? तुझ्यावानी आवाज आला." मी म्हणाले, मीच. ती कितीतरी वेळ माझा हात धरून बसली. विजयसिंहाच्या मनात नक्की काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही. पुढेही त्याच्याकडे मी जरा तिरकंच पाहीन. तुझ्या मोठ्या आईसाठी काय करता येईल ते मात्र तुझ्याशी बोलून ठरवायचं आहे, त्यांच्याशी नाही.

येताना छबुबाईला साडी घेऊन दिली. म्हणाली, "त्याच्या नावची न्हाई ना? तशी असंल तर नको." नाही म्हटल्यावर घडी उराशी धरून बसली.

आरोही, आता या फोनवर माझ्याशिवाय कुणी नाही. पण तू लगेच फोन कर असं मी म्हणणार नाही. मधलं पाकीट तुझ्या हातात पडलेलं असेल, आणि त्यात मी जे लिहिलं ते माझ्याच अक्षरात आहे.

एवढंच करते. सोमवारी बाजार उघडला की एक युनिट विकत घेईन. देशी फंडातलं. परदेशीला सध्या रिबिनी जास्त पडतात. आणि मग दर महिन्याला एक. संध्याकाळी तुझ्याकडे त्याचा कागद येईल, वर माझं नाव आणि पुढे आकडा एक. तो आला म्हणजे समजायचं, आई बरी आहे, तिचं डोकं ठिकाणावर आहे आणि ट्रंकेला हात कुणी लावलेला नाही.

कधीतरी तुला वाटलं तर फोन कर. समोर कुणीही बसलेलं असो, मी उचलेन.

आई